मातीच्या बैलांचा मान

बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या सकाळी इंगवल्यांच्या सोप्यात पोरांनी केलेले डझनभर बैल ओळीनं उभे होते आणि त्यातल्या एकाचेही चार पाय सारख्या लांबीचे नव्हते. एकाची शिंगं म्हशीची होती. एकाचं वशिंड पाठीवर यायचं ते मानेवर आलं होतं. शालनच्या बैलाला तर पाच पाय होते, कारण तो सारखा मागच्या मागं बसायचा, म्हणून तिनं त्याची शेपूटच जाड करून खाली टेकवली होती. डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दाणे, अंगावर हळदीकुंकवाचे ठिपके, पाठीवर शिंप्याकडच्या चिंध्यांची झूल. पोरांना विचाराल तर असले देखणे बैल सबंध कोल्हापुरात नव्हते, आणि त्यांच्या बाईंचं, म्हणजे पद्मजाचं, मत काही वेगळं नव्हतं.

पण आज बैलांचं कौतुक करायला तिचं मन ठिकाणावर नव्हतं. तात्यांनी, तिच्या सासऱ्यांनी, पाडव्याला सांगितलं होतं, "बेंदरापातूर सोपा तुझा. मग बघू." तो "मग" आज उजाडला होता. शुक्रवार पेठेतल्या या घराला रस्त्याच्या अंगाला लागून एवढी एकच मोठी खोली. पद्मजानं तिथं गल्लीतली तीन ते पाच वर्षांची पोरं गोळा केली होती. चिंचोके मोजायचे, कोंड्यात बोटानं अक्षरं काढायची, रिकाम्या काडेपेट्यांची गाडी करायची, असा तिचा रोज सकाळचा खेळ चाले. थोरले दीर हंबीरराव यांना त्याच सोप्यात इंजिन-पंपाची एजन्सी घालायची होती. आणि आज त्यांनी मुरगूडकडच्या गावाहून भाऊसोकाकांना सणाचं आवतण दिलं होतं. भाऊसो म्हणजे तात्यांचे चुलतभाऊ. एजन्सीत त्यांची भागी ठरल्यात जमा होती. जेवणं झाली, की दोघं मिळून तात्यांच्या गळी ते उतरवणार, हे घरातल्या मांजरालासुद्धा माहीत होतं.

पद्मजाच्या बाजूनं बोलायला कोण? तिचा नवरा माधव राधानगरीला धरणाच्या ऑफिसात. पावसाळ्यात त्याला रजा नाही, आणि असता तरी तो वडिलांपुढं काय बोलला असता, हे ती ओळखून होती.

"पद्मे, पुरण वाट. बैलांस्नी काय बघत बसलीयास?" स्वयंपाकघरातून आक्काताईंचा आवाज आला. आक्काताई तात्यांची धाकटी बहीण. विधवा होऊन माहेरी आल्यापासून घराची सगळी सूत्रं त्यांच्या जिभेवर होती. "आनि त्या फरश्यांवरचं आकडं पुसनार हाईस का न्हाईस? पावनं यायची येळ झाली. घर हाय का शाळा, कळंना झालंय."

फरश्यांवरचे आकडे हा आक्काताईंचा ठणका होता. सोप्याला शहाबादी फरशी. रस्त्याच्या दारापासून माजघराच्या दारापर्यंत सरळ ओळीत चोवीस फरश्या. पद्मजानं त्यांच्यावर तेलात खललेल्या गेरूनं एक ते चोवीस आकडे काढले होते. एका फरशीवर चिखलाचं चित्र, एकीवर ओढा, एकीवर हिरवीगार वैरण. शेवटच्या फरशीवर, माजघराच्या दाराला आडवी, गवताच्या दोरात पानं ओवून बांधलेली चिमुकली कर.

गावात बेंदराला संध्याकाळी वेशीत अशीच कर बांधतात आणि बैल पळवून ती तोडतात. पहिल्यांदा तोडायचा मान ज्याचा असेल त्याचाच. बाकीच्यांनी मागं थांबायचं. पद्मजानं मात्र मानाचं झंझट ठेवलं नव्हतं. तिच्या खेळात सहा कवड्या टाकायच्या, जेवढ्या उताण्या पडतील तेवढ्या फरश्या आपला बैल पुढं सरकवायचा. जो आधी पोचेल त्यानं कर तोडायची. नियम एकच कडक होता, टाकणाऱ्यानं कवड्या उचलायच्या नाहीत. आधी शेजारच्यानं मोजायच्या.

"तेलातला गेरू आहे आत्याबाई, पुसून जात नाही," पद्मजा आत येत म्हणाली.

"जात न्हाय?" आक्काताईंनी कपाळावर हात मारला. "आनि हे आत्ता सांगतीस व्हय?"

चुलीपाशी पोळ्या लाटत बसलेली कालिंदी हसू दाबत होती. कालिंदी हंबीररावांची बायको, पद्मजाची थोरली जाऊ, शालनची आई. दोघींचं तसं बरं होतं, पण आज कालिंदी तिच्याकडं बघायचं टाळत होती. आक्काताई तांदूळ आणायला उठल्या तशी ती हळूच म्हणाली, "पद्मा, माझ्यावर रागवू नगंस. ह्यांची एजन्सी झाली तर ह्यांचं बस्तान बसंल. धा धंदं करून झाल्यात. मी तरी काय करनार?"

"मी कुठं काय म्हटलं, ताई?"

"न्हाईस म्हनत, पन तोंडावर दिसतंय की." कालिंदीनं पोळी तव्यावर टाकली. "आनि शालीचं म्हनशील तर ती तशी बी बोलत न्हाई कुनाम्होरं. शाळंत नाव घालायला गेलतो, तर मास्तरांनी विचारलं तुझं नाव काय, तर पदराआड. मास्तर म्हनलं, पोरगी जरा मंद दिसती. तुझ्या खेळानं काय फरक पडलाय?"

पद्मजाकडं उत्तर होतं, पण सांगून पटण्यातलं नव्हतं. मंद म्हणे! तिच्यापाशी शालन कितीतरी बोलायची. बाकीच्यांसमोर तोंड शिवल्यासारखी. त्यात कालिंदीचा जीव जळत होता, हे तिला कळत होतं.

*

भाऊसोकाका आले तेच गल्ली दणाणत. डोक्याला लालभडक फेटा, मिशीला तूप, बरोबर पाच वर्षांचा नातू बाळासो. दारातूनच त्यांनी आरोळी दिली, "तात्या, हाईस का? का गुळाच्या ढेपंखाली दबलास?"

"ये की. ढेप उचलायला तुझ्यासारखा बैलच पायजे होता," तात्या खाटेवरून म्हणाले.

दोघं भाऊ हसले. हसले खरे, पण इंगवल्यांच्या घरात हे हसू कुठपर्यंत खरं आणि कुठून पुढं खोटं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गावात करीचा मान थोरल्या घराचा, म्हणजे तात्यांच्या वडिलांचा. तात्यांनी शाहूपुरीत गुळाची अडत घातली, शेत वाट्यानं दिलं, बैल विकले. वेशीत बैलच नाही म्हटल्यावर मान धाकट्या घराकडं गेला. तेव्हापासून भाऊसोंचा बैल कर तोडतो. त्या गोष्टीवर दोघं कधी उघड बोलले नाहीत, आणि आत कधी विसरलेही नाहीत. दरसाल बेंदराला तात्यांचं जेवण निम्म्यावर यायचं ते उगाच नव्हे.

हंबीररावांनी पाव्हण्यांना पाट दिला, पाणी दिलं, पंख्याचं बटण दाबलं. पूजेला कुंभाराकडची बैलजोडी पाटावर ठेवली होती. पद्मजानं तिच्या शेजारी पोरांचे बैल मांडले. तात्यांनी एकदा तिरकं बघितलं. हळदकुंकू मात्र सगळ्यांनाच वाहिलं, शालनच्या पाच पायांच्या बैलालासुद्धा. पद्मजाला उगाच धीर आला.

नैवेद्य झाला. पंगत बसायला थोडा अवकाश होता, कारण आक्काताईंच्या कटाच्या आमटीला अजून उकळी यायची होती. तेवढ्यात गल्लीतली पोरं आपापले बैल घेऊन फरश्यांवर उतरली. बाळासोनं जरा वेळ बघितलं आणि छाती काढून म्हणाला, "ही आमची कर हाय. मान आमचा हाय. आमीच तोडनार."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग शालन, जी पाव्हण्यांसमोर कधी बोलत नसे, खालमानेनं पुटपुटली, "हितं मान नसतोय. कवड्या असत्यात."

भाऊसोकाका गडगडाटी हसले. त्यांच्या मनात काही वाईट होतं असं नाही. पण माणूस असा, की गंमत करताना शेजाऱ्याच्या दुखऱ्या गुडघ्यावरच थाप मारायचा. "तात्या, ऐकलंस का? आता थोरल्या घराला मातीच्या बैलावरच कर तोडायची राहिलीया!"

हंबीररावांनी घाईनं विषय बदलायला तोंड उघडलं. पण तात्या खाटेवरून उठले. धोतराचा काष्टा खोचला. तीन ढांगांत पोरांमध्ये आले आणि मांडी घालून फरशीवर बसले.

"सरक गं पोरी. तुझा बैल कंचा? ह्यो पाच पायाचा? चालंल. थोरल्या घराचा बैल ह्यो." मग भाऊसोंकडं बघून म्हणाले, "ये. बस. बघू कुनाची कर तुटती."

"अरं, मी गंमत केली."

"मी न्हाय केली."

एवढं झाल्यावर भाऊसो इंगवले मागं हटतील होय! त्यांनी फेटा काढून हंबीररावांच्या हातात दिला आणि बाळासोच्या हातातला बैल घेतला. तो पोरांपैकीच कुणीतरी त्याला खेळायला दिलेला, म्हशीच्या शिंगांचा. "दे रं. आज आजा खेळतोय."

*

पुढं घटकाभर सोप्यात जो कल्ला झाला, तसा खासबागेतल्या कुस्तीलाच होत असेल.

पहिल्याच फेकीला भाऊसोंच्या सहा पडल्या. "हान्!" ते ओरडले. पोरांनी टाळ्या पिटल्या. तात्यांच्या दोनच. "टाकायची रीत हाय की न्हाय काय तुला?" भाऊसो म्हणाले. तात्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. तिसऱ्या फेकीला भाऊसोंचा बैल नेमका चिखलात रुतला.

"चिखलात एक डाव गप बसायचं असतंय," शालन म्हणाली.

"आमचा बैल चिखलाला भीत न्हाय!"

"पन बसायचं असतंय."

"बस की मुकाट्यानं," तात्या खुशीत म्हणाले. "नियम हाय."

आरडाओरडा ऐकून गल्लीतली माणसं दाराशी जमली. समोरचे आकाराम शिंपी कात्री हातात घेऊनच आले. कुणी थोरल्या घराकडून, कुणी धाकट्या घराकडून. आमटी उतू जातेय हे विसरून आक्काताई पळी घेऊन माजघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं ओरडल्या, "तात्या, जोरानं टाकू नगंस, हलक्या हातानं टाक! आमी ल्हानपनी तशीच टाकत हुतो!" ज्या आकड्यांवर सकाळी त्या आग पाखडत होत्या, त्यांच्यावर आता त्यांचा जीव जडला होता. कालिंदी पिठाचे हात तसेच घेऊन आली. ओढ्याच्या फरशीवर तात्यांचा बैल दोन घरं मागं गेला तेव्हा ती "आई गं!" म्हणून किंचाळली आणि मग सासऱ्यांसमोर किंचाळल्याचं आठवून पदर तोंडात कोंबला.

पद्मजा भिंतीला टेकून बघत होती. तिनं हा खेळ चार वर्षांच्या पोरांना आकडे कळावेत म्हणून मांडला होता, आणि दोन पिकल्या मिशा त्यावर जीव टाकून खेळत होत्या. हसावं की घाबरावं तिला कळेना. तिला मनापासून वाटत होतं, तात्या जिंकावेत. खूप वाटत होतं. तात्या जिंकले तर आज त्यांचा जेवणात जीव रमेल, मन मोकळं होईल, आणि मग सोप्याचा निकालही... ती पुढचा विचार करायला भीत होती.

शेवटी गत अशी झाली की भाऊसोंचा बैल एकविसाव्या फरशीवर, तात्यांचा एकोणिसाव्या. तात्यांना कर तोडायला पाच हव्या होत्या. भाऊसोंना तीन पुरणार होत्या, आणि त्यांचा डाव तात्यांच्या नंतर होता.

तात्यांनी कवड्या ओंजळीत घेतल्या. कपाळाला लावल्या. जोतिबाचं नाव घेतलं. कवड्या खळखळत फरशीवर पडल्या आणि पडल्या तोच तात्यांनी झडप घालून मुठीत धरल्या.

"पाच! तुटली!"

हंबीररावांनी टाळी वाजवली. दारातल्या लोकांनी "थोरल्या घराचा जय!" केला. तात्यांनी पाच पायांचा बैल उचलून करीला भिडवलाही, आणि पानांचा दोर ताणला गेला.

"चार."

आवाज बारीक होता, पण स्वच्छ. शालन उठून उभी राहिली होती. इतक्या माणसांत, पाव्हण्यांसमोर, बापासमोर. "आजोबा, चारच पडल्या. दोन पालथ्या हुत्या. एक माझ्या पायाजवळ."

"शाली!" हंबीरराव गरजले. "गप बस. पाच पडल्या. मी बगितल्या."

"तुम्ही आजोबांकडं बघत हुता," शालन म्हणाली आणि रडायच्या बेताला आली.

भाऊसोकाका तंबाखू मळत होते, त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. ते आता पाय सोडून बसले आणि त्यांच्या मिशीखाली हसू येऊ लागलं. तात्यांचा चेहरा लाल झाला. मुद्दाम केलं की घाईत झालं, हे त्यांचं त्यांनाच माहीत. पण मूठ मात्र ते उघडत नव्हते, आणि उघडून तरी आता काय दिसणार होतं?

"टाकनाऱ्यानं उचलायच्या नसत्यात," पोरांकडून ऐकलेला नियम पुढं करत बाळासोनं कुरापत काढली.

"धाकली," तात्या पद्मजाकडं वळले. त्यांच्या आवाजात पूर्ण खात्री होती. घरातली सून, आणि आजचा दिवस. ती दुसरं काय सांगेल? "तू तितंच हुतीस. तू सांग. चार का पाच?"

सगळा सोपा तिच्याकडं वळला. पद्मजानं पाहिलं होतं. चार. शालनच्या पायाजवळची एक पालथी, दुसरी उंबऱ्याला लागून पालथी, बाकी चार उताण्या. अगदी लख्ख. ती पाच म्हणाली तर कुणाचं काय बिघडणार होतं? एक पोरखेळ. तात्यांना वर्षानुवर्षांचा सल निघाल्यासारखं वाटेल, सोपा तिचा राहील, पोरांचे बैल, चिंचोके, कोंड्यातली अक्षरं सगळं राहील. फक्त शालन उद्यापासून मोजायची बंद होईल. पहिल्यांदा चारचौघांत बोललेली पोर. तिला एवढंच कळेल, की आकडे मोठ्या माणसांचे असतात, ते सांगतील तेवढे.

शालन तिच्याकडं बघत होती. बाईंकडं पोर जशी बघते तशी.

"चार, मामंजी," पद्मजा म्हणाली. "शालननं बरोबर मोजल्यात."

"वैऱ्याघरची सून झालीस की काय!" हंबीररावांनी मांडीवर हात आपटला. मग राग बायकोवर काढायला कालिंदीकडं वळले. "आनि तू पोरीला आत ने. काय वळण लावलंयस?"

कालिंदी हलली नाही. तिनं पदरानं हात पुसले. मग नवऱ्यासमोर, सासऱ्यासमोर, गल्लीसमोर ती बोलली. आधी अडखळत, मग भडाभडा. "बैल तिचाच हाय न्हवं? तिचाच बैल जिंकत हुता. सोताच्या बैलाविरुद्ध कशापायी खोटं बोलंल ती? रोज माझ्या पोळ्या मोजती ती. एक कमी पडली तर सांगती. चुकत न्हाई." आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मंद म्हनाला तो मास्तर! माझी पोर मंद न्हाई!"

तात्यांनी मूठ उघडून कवड्या फरशीवर ठेवल्या. मग करीला भिडवलेला बैल उचलला आणि तेविसाव्या फरशीवर नेऊन ठेवला. भाऊसोंनी कवड्या उचलल्या, टाकल्या आणि या खेपेला हात मागं घेऊन बसले. शालननं वाकून मोजल्या. "तीन," ती म्हणाली. म्हशीच्या शिंगांचा बैल पुढं आला आणि कर तटकन तुटली.

पोरांनी आरोळी ठोकली. बाळासो नाचायला लागला. तात्या उठले, चपला घातल्या आणि गर्दीतून वाट काढत रस्त्यावर गेले.

*

पंगत वाढून झाली, पोळ्या निवायला लागल्या, तरी तात्यांचा पत्ता नव्हता. हंबीररावांच्या चेहऱ्यावर दुःख आणि समाधान दोन्ही मिसळून गेलं होतं. सोपा आता आपल्यालाच मिळणार, यात त्यांना शंका राहिली नव्हती. आक्काताई पद्मजाशी बोलत नव्हत्या. भाऊसोकाका जिंकूनही ताटाशी बसायला तयार नव्हते. "थोरला भाऊ यिऊ दे," एवढंच म्हणत.

पद्मजा तूप वाढायचं भांडं घेऊन उभी होती. कालिंदी तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. खांद्याला खांदा लागेल एवढी जवळ आली. पद्मजाला सोपा गेल्याचं दुःख होतं. त्यात लपवण्यासारखं काय? पण तरीही चार म्हटल्याचा पश्चात्ताप होत नव्हता, याचं तिलाच नवल वाटत होतं.

तात्या आले. पावसाच्या भुरभुरीत भिजून आले होते, पान खाऊन. आले ते पंगतीकडं नाही, सरळ सोप्यात. तुटलेली कर त्यांनी हातात घेऊन पाहिली.

"हंबीर."

"जी."

"तुझी एजन्सी दुसरीकडं बघ. उद्यमनगरात जागा मिळंल. ह्यो सोपा रिकामा हुनार न्हाय."

हंबीररावांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "पन तात्या, तुम्ही तर..."

"अरं बाबा, मान गेलाय!" तात्या ओरडले. त्यांच्या आवाजात राग होता, आणि त्या रागात कुठंतरी लहान पोरासारखी हौस होती. "ह्या सोप्यात गेलाय, ह्या फरशीवर गेलाय. तो काय मी तुझ्या इंजनाच्या तेलाखाली घालू? फुडच्या बेंदराला हितंच, ह्याच आकड्यांवर मी परत घेनार. तवर एक बी फरशी हलली तर माझ्याशी गाठ हाय."

हंबीररावांनी आधारासाठी भागीदाराकडं पाहिलं. पण भागीदार केव्हाच तात्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला होता.

"बरोबर हाय त्याचं," भाऊसो म्हणाले. "जिंकल्याली जागा मोडू द्याची म्हंजे? लोक म्हनतील, भाऊसो भ्याला. हंबीर, आपन उद्यमनगरच बघू. मी बी येतो संगं." मग त्यांनी तात्यांच्या खांद्यावर हात टाकला. "आनि परत हरशील बरं का, तात्या."

"बघू की!"

"बघू की!"

दाराशी अजून रेंगाळणारे लोक हसले. आक्काताईंना पानात निवत चाललेल्या आमटीची आठवण झाली आणि त्या सगळ्यांवर एकदम ओरडल्या. पद्मजाच्या हातातलं तुपाचं भांडं कालिंदीनं काढून घेतलं, नाहीतर ते फरशीवरच सांडलं असतं. पद्मजा रडत होती आणि हसत होती. असलं न्यायाचं तर्कट कुठल्या कोर्टात चाललं नसतं, पण इंगवल्यांच्या घरात ते पक्कं झालं होतं.

तात्या वाकले. शालन आईच्या पदराआड अर्धी लपली होती.

"काय गं," ते तिच्याकडं डोळे वटारून म्हणाले, "फुडच्या बेंदराला मला परत चार म्हनशील?"

शालननं पद्मजाकडं पाहिलं नाही. आईकडंही पाहिलं नाही. तिनं जरा विचार केला आणि पदराबाहेर आली.

"चार पडल्या तर म्हननार की, आजोबा."